घरोघरी नवजात बालसेवा (गडचिरोली)

जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत, दवाखाना जेथे दूर आहे आणि तेथवर जाण्याची ऐपत व प्रघात दोन्ही जेथे नाहीत अशा वस्तीत, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची शुश्रूषा व प्राथमिक इलाज करण्याची पद्धती. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापिलेल्या ‘सर्च’ या संस्थेने महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील अरण्यबहुल गडचिरोली जिल्ह्यात ती सिद्ध केली.

प्रयोगासाठी ३९ गावे निवडण्यात आली व तुलनेसाठी ४७. प्रसूती बहुतांशी घरीच, सुईणीच्या हातून होत. १९९५-९६ च्या निरीक्षणात असे आढळले की, शेकडा ५४ नवजात बालकांना उपचारांची निकड असता ते लाभले केवळ शेकडा २.६ बालकांना. ही मातेची हयगय मानणे अन्यायाचे होईल. मजुरी बुडण्याचे भय, वाहनाचा अभाव आणि बाळंतिणीने खोलीबाहेर पडू नये ही रूढी, यांच्या कोंडीत तिला निर्णयाचा अवकाशच उरत नसे.

म्हणून ज्ञानच तिच्या उंबरठ्याशी नेण्याची तजवीज झाली. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिक्षण देण्यात आले. गर्भवतींची नोंद ठेवणे, प्रसूतिसमयी सुईणीबरोबर हजर राहणे, न रडणाऱ्या बाळाच्या नाकातोंडावर मुखवटा धरून त्यास श्वास देणे, त्याचे वजन करणे, त्याला ऊब देणे आणि मातेस स्तनपानास साहाय्य करणे, ही त्यांची कामे होत. बाळाचे पिणे मंदावले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले किंवा पोट फुगले, तर त्या जंतुदोषाची शंका घेत. रुग्णालयात जाण्यास कुटुंब राजी नसल्यास, त्याच्या संमतीने, जेंटामायसिन या प्रतिजैविकाची सुई व पोटातील औषध स्वतः देत. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई देण्याचे हे धाडस बेजबाबदार नव्हते, कारण पंधरवड्याने डॉक्टर गावात येऊन प्रत्येक नोंद तपासत.

जंतुदोषाने आजारी बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये सुमारे २५ झाला. तुलनेच्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

२०११ मध्ये केंद्र शासनाने ही पद्धती ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. रुग्णालयात प्रसूती झाल्यास सहा आणि घरी झाल्यास सात गृहभेटी बेचाळीस दिवसांच्या मुदतीत आशेने द्याव्यात, असे ठरले. भेटी, वजन व तापमान यांची जबाबदारी तिच्याकडे सुपूर्द झाली, परंतु प्रतिजैविकाची सुई सामान्यतः तिच्या हाती देण्यात आली नाही. गडचिरोलीत वाचलेल्या जिवांपैकी पुष्कळ त्या सुईने वाचविलेले असल्यामुळे, जेथे रुग्णालय अजूनही दूर आहे तेथे ही उणीव गंभीर ठरते.