लॅपटॉपला हात लागताच झिणझिण्या : दोष यंत्राचा की अर्थिंगचा?

धातूचे आवरण असलेला लॅपटॉप चार्जिंगला लावला असता त्याच्या कडेवर मनगट टेकताच झिणझिण्या येतात आणि टेस्टर लावल्यास त्यातील दिवाही पेटतो, अशी तक्रार अनेक ग्राहक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. सेवा केंद्रातून बहुधा दोनच उत्तरे मिळतात : 'यात काही दोष नाही' किंवा 'घरचे अर्थिंग तपासून घ्या'. दोन्ही उत्तरे बऱ्याच अंशी खरी आहेत. मात्र ती अर्धवट सोडली जातात आणि धोका नेमका उरलेल्या अर्ध्या भागात असतो.

आपल्याकडील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. चार्जरमधील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन हा दाब लॅपटॉपला लागणाऱ्या कमी दाबात आणतो. त्यातून निर्माण होणाऱ्या लहरींचा रेडिओसारख्या उपकरणांना उपद्रव होऊ नये, म्हणून चार्जरच्या उच्च दाबाच्या आणि कमी दाबाच्या बाजूंमध्ये 'वाय' वर्गाचा एक लहान कपॅसिटर जोडलेला असतो. याच वाटेने अत्यल्प प्रवाह लॅपटॉपच्या आवरणापर्यंत पोहोचतो. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरल्यास हा प्रवाह फार तर ०.१६ मिलिअँपिअर भरतो. मल्टिमीटर आवरणावर १०० व्होल्टच्या आसपास दाब दाखवतो आणि ग्राहक घाबरतो. तथापि त्या दाबामागे अपायकारक प्रवाह देण्याची क्षमता नसते. माहिती तंत्रज्ञान उपकरणांसाठीच्या आयएस १३२५२ या भारतीय मानकात अर्थिंगविना चालणाऱ्या उपकरणांसाठी स्पर्शप्रवाहाची मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर होती.

इतका कमी प्रवाह जाणवतो तरी कसा? कोरडी त्वचा आणि धातू यांच्यामध्ये अतिशय पातळ निरोधक थर असला, तर सरकणारे बोट विजेच्या आकर्षणाने क्षणोक्षणी ओढले व सोडले जाते. हा परिणाम १९५३ साली अमेरिकेत शास्त्रीय नियतकालिकातून नोंदविला गेला. अॅल्युमिनियमच्या लॅपटॉपवरील ऑक्साइडचा थर असाच निरोधक असतो. म्हणूनच स्थिर हाताला काही न जाणवणारा पृष्ठभाग हात फिरवताच खरखरीत वाटू लागतो.

चार्जर तीन पिनांचा असेल आणि त्याची अर्थ पिन लॅपटॉपच्या आवरणाशी जोडलेली असेल, तर हा प्रवाह जमिनीत निघून जातो आणि झिणझिण्या थांबतात. प्रत्यक्षात ही सोय वाटेतच तुटते. सॉकेट दोन पिनांचे निघाले की कन्व्हर्टर लावला जातो. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाला तीन छिद्रे असतात, पण वायर दोनच तारांची असते. जुन्या इमारतींत मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्यात पाणी घालण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

खरे संकट येथून सुरू होते. अर्थ नसलेल्या एक्स्टेंशन बोर्डात सर्व सॉकेटांच्या अर्थ पिना एकमेकींना जोडलेल्या असू शकतात. अशा बोर्डावर लावलेल्या इस्त्रीत फेजची तार आवरणाला टेकली, तर निर्दोष लॅपटॉपच्या आवरणावरही पूर्ण २३० व्होल्ट उतरतात. काही ठिकाणी अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटमध्येच ती न्यूट्रलला जोडून दिली जाते. झिणझिण्या थांबतात, ग्राहक समाधानी होतो. पण पुढे न्यूट्रल तुटली की तेच आवरण थेट फेजवर येते. ही जोडणी कोणत्याही सबबीखाली मान्य करू नये.

बनावट चार्जर हा आणखी एक धोका. 'वाय' वर्गाचा कपॅसिटर बिघडला तरी आतून जुळू नये, अशा रीतीने घडविलेला असतो. बनावट चार्जरमध्ये त्याच्या जागी साधा कपॅसिटर असल्यास तो निकामी होताच उच्च दाब सरळ लॅपटॉपकडे येऊ शकतो. २०१२ च्या आदेशान्वये लॅपटॉप व त्यांचे अॅडॉप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. अॅडॉप्टरवरील 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर पडताळता येतो.

तक्रारीपूर्वी वायरमनकडून सॉकेट तपासून घ्यावे. फेज व अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट, तर न्यूट्रल व अर्थ यांच्यात जेमतेम काही व्होल्ट आढळले पाहिजेत. मात्र केवळ मल्टिमीटरवर विसंबू नये. कमकुवत अर्थही त्यावर चांगली दिसते. शिवाय न्यूट्रल व अर्थ यांच्यातील दाब नेमका शून्य दिसल्यास त्या दोन्ही सॉकेटमध्येच जोडल्या नाहीत ना, हे उघडून पाहावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या सूक्ष्म प्रवाहाने पडत नाही. लॅपटॉप लावताच तो पडत असेल, हाताला झटका बसून स्नायू आखडत असतील किंवा चार्जरला जळका वास येत असेल, तर तो सामान्य प्रकार नव्हे. प्रथम भिंतीवरील स्विच बंद करावा, मग प्लग काढावा.

सेवा केंद्रातील टेबलावर अर्थिंग उत्तम असल्याने तेथे दोष दिसत नाही आणि ग्राहक रिकाम्या हाताने परततो. अशा वेळी घरातील अर्थ योग्य असल्याची वायरमनची लेखी नोंद आणि त्याच सॉकेटवरील मोजमाप सोबत न्यावे व तपासणीचा निष्कर्ष लेखी मागावा. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाकडून भरपाई मागता येते आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.