भिंत खरवडणाऱ्यांचा इतिहास

दिवाळी जवळ आली, घरात लग्न ठरले, की आपण रंगाऱ्याला बोलावतो. आणि भिंतीला पिवळा द्यावा की आकाशी, यावर घरात चार दिवस वाद चालतो. परंतु रंग चढण्यापूर्वी जुना थर उतरावा लागतो. पोपडे पाडायचे, भिंत घासायची, खाचांत लांबी भरायची. हे काम कोण करतो व कसे करतो, याविषयी वाद तर सोडाच, साधी विचारपूसही होत नाही. या कामालाही इतिहास आहे. मी काही शाळा-कॉलेजात शिकलेला इतिहासकार नव्हे. कामगार चळवळीत वावरताना जे वाचले व पाहिले, तेवढेच येथे मांडतो.

यवतच्या मंडळींना चुन्याची महती सांगायला नको. भुलेश्वराच्या डोंगरावर यादवकालीन दगडी मंदिरावर पुढे मराठ्यांच्या काळात विटा-चुन्याचे काम चढले. ते आपण सर्वांनी पाहिले आहे. गावातल्या साध्या घरांना पांढरी माती, फार तर चुना. चुन्याची भिंत तयार करणे सोपे असते. सुटलेले पोपडे झाडायचे, लोणा लागला असेल तेवढा भाग काढायचा, भिंत ओली करायची आणि वर नवा हात मारायचा. विरी गेलेला चुना हवेतील वायू शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, म्हणून जुना थर मुळापासून काढावाच लागत नाही. डोळ्यांत उडाला तर चुनाही वाईटच. पण तो माणसाला वर्षानुवर्षे आतून पोखरीत नाही. 1897 साली पुण्यात प्लेगाच्या वेळी घरे रिकामी करवून भिंतींना सरकारी चुना फासला गेला. त्या मोहिमेची आठवण कडू आहे. पण तो कडवटपणा हुकमाचा होता, चुन्याचा नव्हे.

युरोपातील श्रीमंत घरांत भिंतींना छापील कागद डकवीत. शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1775 साली सोमलापासून हिरवा रंग केला आणि पुढल्या शतकात तो त्या कागदांवर सर्रास छापला गेला. तो कागद भिजवून सोलणाऱ्याच्या अंगावर काय उडत असेल, त्याची कल्पनाच करावी. आपल्या पावसाळ्यापुढे भिंतीवरचा कागद फारसा टिकला नाही, हे एका परीने बरेच झाले.

आपल्याकडे दुसरेच विष आले. ते म्हणजे शिसे. पुण्याहून दिक्साळपर्यंतचा लोहमार्ग 1858 साली सुरू झाला, तो यवतवरूनच जातो. लोखंडाला गंज लागू नये म्हणून त्यावर शेंदूर फासण्याची तेव्हाची रीत. आणि शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. जवसाच्या तेलात खललेला सफेदा, तोही शिशाचाच. दारे-खिडक्या आणि पुढे पैसेवाल्यांच्या भिंतीही या तेली रंगाने चमकू लागल्या. ओला असताना हा रंग जितका घातक, त्याहून तो वाळल्यावर घासताना घातक. पॉलिश कागदाने भिंत घासली की पिठासारखी धूळ उडते, नाकातोंडात जाते, हातावर बसते आणि त्याच हाताने खाल्लेल्या भाकरीबरोबर पोटात उतरते. मग पोटशूळ उठतो, हिरड्यांवर निळसर रेघ दिसते, शेवटी मनगट लुळे पडते. कुंचला धरणाऱ्याचे मनगट!

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात रंगाऱ्यांचेही प्रकरण आहे. फ्रान्समध्ये रंगाऱ्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा 1909 साली सफेद्याविरुद्ध कायदा झाला. 1921 साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने आपला तेरावा करार केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये, स्त्रियांना व अठरा वर्षांखालील मुलांना त्या कामावर लावू नये, आणि कोरडे घासण्या-खरवडण्याने उडणाऱ्या धुळीचा बंदोबस्त करावा, अशी त्याची कलमे आहेत. मात्र रेल्वे स्थानके व कारखाने यांना त्यात सवलतीची वाट ठेवलेली आहे. तडजोडीत कोणाचे पारडे जड होते, ते यावरून ओळखावे.

भारताने हा करार मान्य केला नाही. आपल्या संघटनांनीही त्यासाठी फारसा आवाज उठविला नाही, हे कबूल केले पाहिजे. 1920 साली मुंबईत आयटक स्थापन झाली, पण सारे लक्ष गिरण्या व रेल्वे यांकडे. 1948 च्या कारखाने कायद्याने शिशाची विषबाधा कळविणे बंधनकारक केले, परंतु घर म्हणजे कारखाना नव्हे. 1996 चा बांधकाम कामगार कायदा आला. त्यातून दहापेक्षा कमी माणसे लावणारा ठेकेदार सुटला, आणि दहा लाखांच्या आतले स्वतःचे घर बांधणाराही सुटला. दोन रंगारी आणि एक हाताखालचा पोऱ्या, ही टोळी कोणत्याच रकान्यात बसली नाही. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम 2016 साली निघाला व 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तो नव्या डब्यापुरता. जुने थर भिंतीवर आहेत तेथेच आहेत.

त्यावर उपाय साधा आहे. जुना तेली रंग कोरडा घासू नये. पाणी मारून, ओला ठेवून खरवडावा, पडलेला चुरा ओल्या फडक्याने पुसून गोळा करावा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. मी मजूर अड्ड्यावर रंगाऱ्यांना हे सांगतो, तेव्हा ते मान डोलावतात आणि एकच प्रश्न विचारतात. भिंत भिजवली तर वाळायला एक दिवस जातो. मजुरी चौरस फुटावर ठरलेली असते. त्या दिवसाचे पैसे कोण देणार? म्हणून आमच्या बैठकीत आम्ही भिजवणीचा दिवस दरात धरावा अशी मागणी घेतली आहे. काही घरमालकांनी ती मान्य केली; बाकीचे अजून रंग कोणता द्यायचा यावरच बोलत आहेत.