जुन्या ऑफिसच्या गच्चीवर साडेतीन एकरांची बाग! पण एवढं वजन पेलतं कसं?

‘द डार्क नाइट’ सिनेमाची सुरुवात आठवतेय? जोकरची टोळी ज्या बँकेवर दरोडा घालते, ती बाहेरून दिसणारी भव्य इमारत खरं तर बँक नव्हतीच. ते होतं अमेरिकेतल्या शिकागो शहराचं जुनं मुख्य पोस्ट ऑफिस!

टपालाने वस्तू मागवण्याचा धंदा जोरात होता, तेव्हा १९२१ ची ही इमारत अपुरी पडू लागली आणि १९३२ मध्ये ती प्रचंड वाढवली गेली. पुढे पोस्टाने जागा सोडली आणि सुमारे २० वर्षं ती रिकामीच पडून होती. २०१६ मध्ये ती नव्या मालकांकडे गेली आणि दुरुस्तीनंतर २०१९ पासून तिथे कंपन्यांची ऑफिसं सुरू झाली. आज तिच्या गच्चीवर सुमारे साडेतीन एकरांची बाग आहे. गवत, झाडं, चालायचा ट्रॅक, खेळाची मैदानं, सगळं काही.

फोटो बघून वाटतं, माती टाकली, रोपं लावली की झालं. प्रत्यक्षात अशा बागेचा पहिला प्रश्न माळ्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावा लागतो.

प्रश्न पहिला : ओल्या मातीचं वजन किती?

पावसात भिजलेली साधी बागेची माती एका घनमीटरला साधारण १८०० किलो भरते. म्हणजे फक्त ३० सेंटिमीटर जाडीचा थर टाकला, तरी दर चौरस मीटरला ५०० किलोंहून जास्त वजन होतं. आपल्याकडच्या भारतीय मानकानुसार, लोकांची ये-जा असणाऱ्या साध्या गच्चीसाठी वापराचा भार धरतात चौरस मीटरला साधारण १५० किलो. फरक लक्षात आला?

म्हणून गच्चीवरच्या बागेत शेतातली माती वापरत नाहीत. परलाइट, भाजून फुगवलेले मातीचे खडे असं हलकं मिश्रण वापरतात. उंचवटे हवे असतील तर आत फोमचे ठोकळे ठेवून वर मातीचा पातळ थर देतात. बाहेरून टेकडी, आतून जवळजवळ पोकळ!

प्रश्न दुसरा : खांब कुठे आहेत?

गच्ची सगळीकडे सारखीच मजबूत नसते. दोन खांबांच्या मधला स्लॅब जेवढं पेलतो, त्याहून कितीतरी जास्त भार थेट खांबावर देता येतो. शिकागोच्याच सिटी हॉलचं उदाहरण घ्या. १९११ च्या या इमारतीवर २००१ मध्ये बाग तयार झाली. तिथे कमी वजन पेलणाऱ्या भागात पातळ थर आणि सेडमसारखी बुटकी रोपं आहेत. झाडं मात्र खांबांच्या डोक्यावर लावली आहेत. म्हणजे झाड कुठे लावायचं हे सौंदर्यदृष्टीच्या आधी इमारतीचा सांगाडा ठरवतो.

प्रश्न तिसरा : पाणी जाणार कुठे?

१०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १००० लिटर पाणी जमतं. म्हणून स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहून नेणारा थर, त्यावर गाळणीचं कापड आणि सगळ्यात शेवटी माती असते. माती टाकण्याआधीच गच्चीवर पाणी साठवून गळतीची चाचणी घ्यायची. एकदा बाग झाली की गळणारी जागा शोधायला सगळं उकरावं लागतं!

प्रश्न चौथा : रस्त्यावरून काय दिसणार?

वारसा इमारतीचं जुनं रूप हीच तिची ओळख. म्हणून अमेरिकेत ऐतिहासिक इमारतींच्या जतनाबाबत सूचना आहे, की गच्चीवरची झाडी रस्त्यावरून दिसू नये. कठडा बुटका असेल तर त्याला हात न लावता सुरक्षेचं रेलिंग आत सरकवून लावता येतं. उंचावर वारा जोराचा असतो, त्यामुळे कुंड्या, छत्र्या, बाकडी पक्की बसवावी लागतात.

मुंबईत हे जमेल का?

जमू शकतं, पण हिशेब आणखी कडक हवा. शिकागोच्या या इमारतींना पोलादी सांगाडा आहे. फोर्टसारख्या भागातल्या अनेक जुन्या इमारतींत मात्र लाकडी तुळया आणि जाड भिंतीच भार पेलतात. त्यात बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. शिवाय मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, त्यामुळे यादीतल्या इमारतीत असा बदल करण्याआधी परवानगीचं बघावं लागतं.

तुमच्या ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या जुन्या गच्चीवर बाग करायचं ठरत असेल, तर क्रम एवढाच लक्षात ठेवा : आधी इमारतीची तपासणी, मग वॉटरप्रूफिंग, मग माती आणि रोपांची यादी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला, तर वर बाग फुलेल आणि खालच्या मजल्यावर बादल्या लावाव्या लागतील!