वळिवड्याची मुले आणि दत्तकाचा कागद

औंध संस्थानाच्या १९३९च्या राज्यघटनेचा माग काढताना मला मॉरिस फ्रिडमन भेटले. वॉर्सात जन्मलेले हे इंजिनिअर इकडे येऊन भारतानंद झाले. त्यांच्यामुळेच मी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याकडे वळलो. तिथल्या छावणीत १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले.

सोव्हिएत सत्तेने घरातून हाकललेल्या या पोरांना कुठे जायचे, हे कुणी विचारले नव्हते. ५ जुलै १९४५ला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली आणि त्यांच्या कागदपत्रांमागचे सरकारच गेले. बाप किंवा भाऊ पोलिश सैन्यात असेल तर इंग्लंडचा रस्ता खुला. नाहीतर अनेकांच्या नशिबी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्या.

अनाथांचे काय? बालाचडीच्या मुलांना सक्तीने परत धाडू नये म्हणून नवानगरच्या जामसाहेबांनी आणखी दोघांसह त्यांना दत्तक घेतले. आम्हा सातारकरांना दत्तक म्हटले की १८४८ आठवते. दत्तक नाकारून कंपनीने राज्यच खालसा केले होते. इथे गादी नव्हती, वारसा नव्हता. पोरांना पालक मिळाला, एवढेच.

१९४६मध्ये बालाचडी बंद झाली, उरलेली मुले वळिवड्याला आली. छावणी उठली तेव्हा काही तरुणी मात्र इथेच लग्न करून राहिल्या.