वारा, सायकल आणि नियम

निर्मळच्या तळ्यावरून समुद्राकडे निघालेला सायकलस्वार समोरून खारा वारा येतांच आपोआप हँडलवर वांकतो. वारा कापावयाचा तो असा, हें त्याला कोणी शिकविलेलें नसतें. घड्याळाशीं एकट्यानें लावावयाच्या शर्यतींत नियमांचा बराचसा तंटा या वांकण्याचाच आहे.

१९३३ सालीं फ्रान्सिस फोर या दुय्यम गणल्या जाणाऱ्या फ्रेंच स्वारानें पाठीवर निजून चालवावयाच्या सायकलीवर तासाभरांत ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलें. पुढल्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें असलें वाहन शर्यतींतून बाद केलें. पुढें १९९३ त स्कॉटलंडच्या ग्रॅहम ऑब्रीनें स्वतः जुळविलेल्या सायकलीवर (तींत धुलाई यंत्राचें बेअरिंग होतें!) हात छातीखालीं मुडपून तासांत ५१.५९६ किलोमीटर गांठले. १९९४ त त्याची ती बैठकही निषिद्ध झाली. कारखान्यांचीं महागडीं यंत्रें मात्र चालत राहिलीं. हा अन्यायच म्हणावयाचा.

तरी हौशी स्वाराच्या खिशाकडे पाहिलें तर नियमाची बाजू अगदींच लंगडी नाहीं. सायकल ६.८ किलोंहून हलकी नसावी, हें बंधन २००० सालीं आलें आणि हलकेपणाच्या खर्चिक चढाओढीस कांहींसा पायबंद बसला. ब्रिटनमधील हौशी शर्यतींत तर अलीकडे साध्या सायकलींचा वर्गच निराळा धरतात. त्यांत कोपरें टेकावयाचे पुढले दांडे चालत नाहींत.