पुस्तक मोकळे केव्हा होते?

विणीचा नमुना कागदावर मांडायचा तर आलेख कागदाचे चौकोन भरावे लागतात. उभा धागा वर असेल तेथे काळा चौकोन, आडवा असेल तेथे पांढरा. म्हणजेच १ आणि ०. स्नोबॉल या संगणकभाषेचे एक निर्माते राल्फ ग्रिसवोल्ड १९९७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातून निवृत्त झाले आणि विणकामातील गणिताकडे वळले, यात नवल नाही. २००६ मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी विणकामावरील जुनी पुस्तके आणि लेख स्कॅन करून सर्वांसाठी खुला संग्रह उभा केला.

अशा कामात यंत्राच्या आधी कायदा आडवा येतो. कॉपीराइट विणण्याच्या रीतीवर नसतो. ती सांगणाऱ्या शब्दांवर आणि आकृत्यांवर असतो. पुस्तक वाचून कापड खुशाल विणावे. त्याच्या प्रती काढून वाटायच्या असतील, तर मुदत संपलेली हवी किंवा परवानगी हवी.

अमेरिकेत ही मुदत पूर्वी प्रकाशनाच्या वर्षापासून मोजत. १९०९ च्या कायद्याने २८ वर्षे दिली. शेवटच्या वर्षी अर्ज केल्यास आणखी २८. तेथील कॉपीराइट कार्यालयाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार शंभरातील पंधरा नोंदींचेही नूतनीकरण होत नव्हते. पुस्तकांत तर सुमारे सातच. मालकालाच ज्यांची आठवण उरली नाही, अशी पुस्तके आपोआप मोकळी झाली. १९६४ आणि पुढील पुस्तकांना मात्र ही वाट राहिली नाही. १९९२ च्या कायद्याने त्यांचे नूतनीकरण अर्जाविनाच होऊ लागले. १९९८ मध्ये मुदत वीस वर्षांनी वाढली आणि नूतनीकरण झालेली १९२३ ची पुस्तके १९९९ ऐवजी २०१९ मध्ये खुली झाली.

भारतात मुदत सामान्यतः लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात. १९५७ च्या कायद्यात ती ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये वारले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार, तोच मुदत ६० वर्षे करण्यात आली. एका महाकवीच्या निमित्ताने झालेला हा बदल सूतकताई शिकवणाऱ्या अनाम शिक्षकाच्या पुस्तिकेलाही लागू झाला.

खरी अडचण इथेच आहे. महाकवीची पुण्यतिथी सर्वांना ठाऊक असते. पुस्तिकेच्या लेखकाची कोण लक्षात ठेवतो? लेखक १९६० मध्ये वारला असेल, तर पुस्तक १ जानेवारी २०२१ पासून मोकळे. पण तारीखच सापडली नाही तर? पुस्तकावर लेखकाचे नावच नसेल, तर प्रकाशनापासून ६० वर्षे मोजता येतात. नाव आहे आणि माणूस हरवला आहे, अशी पुस्तके अडकून पडतात. तोवर कागद पिवळा पडून तुटू लागतो.

१९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेनंतर सूतकताई आणि विणकाम शाळेत आले. आपल्या शाळेच्या कपाटात त्या काळचे एखादे पुस्तक असेल, तर विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. लेखक कोणत्या गावचा, कधी वारला, वारस कोण, याचा शोध घेऊन ती माहिती एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवावी. स्कॅन करणारे यंत्र उद्याही मिळेल. लेखकाला ओळखणारे वृद्ध गृहस्थ उद्या भेटतीलच असे नाही.