पऱ्हाटी, बंब आणि विजेचे बिल

दिवाळी सरली की पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या आदिलाबादेत, थंडी उतरते. तेलंगणात सर्वांत गारठ्याचा मुलूख हाच. तरी घर उबदार ठेवायची वेगळी सोय आपल्याकडे कधी नव्हती. होता तो न्हाणीतला तांब्याचा बंब आणि आजीच्या खाटेजवळची शेगडी.

बंबाचे जळण शेतातून यायचे. जिल्हा कापसाचा, त्यामुळे वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून गाडीभर घरी, जोडीला तुराट्या. बिल येत नसे, पण ते फुकटही नव्हते. भल्या पहाटे धुरात डोळे चोळत फुंकणी धरणाऱ्या आमच्या आयांनी ती किंमत मोजली. रॉकेल रेशनवर, मोजून मापून. १९९९ मध्ये आंध्र सरकारची दीपम योजना आली, २०१६ मध्ये उज्ज्वला. सिलिंडरवर स्वयंपाक झाला, पण आंघोळीचे पाणी तापवणे जिवावर येई. तिथे आधी विजेचा रॉड आला, मग गीझर.

मार्च २०२४ पासून पात्र घरांना महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज मोफत आहे. त्यापुढे गेले की पूर्ण बिल. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. हिवाळ्यात सुना-सासवांचा हिशेब आता यावरच चालतो.

धूर मात्र संपला नाही, न्हाणीतून उठून दूर गेला. ही वीज बरीचशी सिंगरेणीच्या कोळशाची, आणि जैपूरचे औष्णिक केंद्र तर जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलेच. काहींनी गच्चीवर सौर बंब बसवला आहे. दिवसा तापलेले पाणी पहाटेपर्यंत टाकीत गरम राहते.

आणि पऱ्हाटी? ती आता बहुतेक जण शेतातच पेटवून देतात.